सह्याद्रीतला क्लब बर्फात नेताना : नाळ सोडा, सोंड धरा

चिपळूणच्या एका गिर्यारोहण क्लबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "आम्ही चौदा जण आहोत. किल्ले, घाटवाटा, थोडंफार प्रस्तरारोहण गेली काही वर्षं करतोय. येत्या फेब्रुवारीत गुलमर्गला स्की टूरिंग आणि जमलं तर मे-जूनमध्ये मनालीकडचं एखादं पाच हजार मीटरचं शिखर असा बेत आहे. तयारी कुठून सुरू करू, काय विकत घेऊ, आणि सगळ्यांना नेता येईल का?"

आधी सरळ उत्तर देतो. येत्या फेब्रुवारीत टूरिंग नको, स्की शिकायला जा. टूरिंग त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. शिखराचं मात्र जमू शकतं, पण ज्यांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय तेवढ्यांचंच. तुमची हौस मोडायची म्हणून हे सांगत नाही. कोकणातल्या क्लबांनी बर्फात जावं असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच ते योग्य क्रमाने व्हावं अशी इच्छा आहे.

स्की टूरिंग म्हणजे काय हे क्लबातल्या नव्या मुलांसाठी सांगतो. स्कीच्या तळाला एका बाजूने केस असलेली पट्टी चिकटवायची, तिला स्किन म्हणतात. केसांमुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. टाच मोकळी ठेवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा. वर पोचल्यावर स्किन काढायची, टाच बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरणाऱ्या पकडीत, अडकवायची आणि उतरायचं. रोपवे नाही, दाबून तयार केलेला उतार नाही, खाली उभं राहून लक्ष ठेवणारं कुणी नाही. चढणं दोन दिवसांत जमतं. उतरणं जमायला एक-दोन हिवाळे जातात, कारण पाठीवर दहा किलोची सॅक असते आणि बर्फ कधी मऊ, कधी वाऱ्याने कडक झालेला, कधी वरून पापुद्रा धरलेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं.

सह्याद्रीत वाढलेल्या गिर्यारोहकाची खरी कमाई म्हणजे वाट ओळखणारी नजर. कोकणातून वर बघितलं की कड्याच्या भिंतीत जिथे चीर दिसते तिथे नजर आपोआप जाते. नाळ, म्हणजे अशी उतरत आलेली अरुंद घळ, दिसली म्हणजे वाट सापडली. आपल्या कितीतरी घाटवाटा अशाच आहेत. नाळेत हाताला कातळ मिळतो, सावली मिळते, घसारा असला तरी दोन्ही बाजूंना आधार असतो. उलट उघड्या सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवर, ऊन, वारा आणि दृष्टिभय (खालच्या खोलीची भीती).

बर्फात हीच नजर घात करते. दोन्ही बाजूंच्या उतारांवरून सुटलेला बर्फ येऊन साठतो ती जागा म्हणजे नाळ. मोकळ्या उतारावर थोडा बर्फ सुटला तर तो पांगतो, माणूस गुडघ्या-कमरेपर्यंत अडकतो. तोच बर्फ नाळेत आला की पांगायला जागा नसते आणि माणूस दोन मीटर खाली जातो. म्हणून तिथे सोंड धरायची. धारेवर वारा बर्फ साठू देत नाही आणि वरून अंगावर काही येत नाही. एक पथ्य मात्र पाळायचं. धारेच्या एका अंगाला वाऱ्याने बाहेर काढलेलं बर्फाचं छज्जं असतं, त्याला कॉर्निस म्हणतात. वरून ती सपाट जमीनच वाटते. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला राहायचं, आणि छज्जं जिथून सुरू होतंय असं वाटतं त्याच्याही बरंच आत.

रानाबाबतही तसंच. देवदारांच्या जंगलातून वर-खाली गेलेला, झाडं नसलेला मोकळा पट्टा दिसला की आपल्याला तो सोपा वाटतो. ती झाडं कुणी तोडलेली नसतात, दर काही वर्षांनी हिमस्खलन त्यांना घेऊन जातं. एका बाजूच्या फांद्याच मोडलेली झाडं दिसली तरी तोच अर्थ. झाडांतून आरामात स्की करता येत असेल, तर त्या झाडांमधून हिमस्खलनही येऊ शकतं.

कोकणातल्या माणसाला दरड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये गेलं, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. पण दरडीवरून हिमस्खलनाचा अंदाज बांधू नका. दरड पावसाने सुटते आणि माणूस तिच्या खाली असतो. स्की करणारे आणि गिर्यारोहक ज्या हिमस्खलनांत सापडतात, त्यातली साधारण दहापैकी नऊ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या बरोबरच्या कुणीतरी, त्या उतारावर पाऊल टाकून, सुरू केलेली असतात. याचा दुसरा अर्थ असा की कुठे आणि कधी पाऊल टाकायचं हे आपल्या हातात असतं.

हे घडतं कसं? हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडासाच बर्फ पडला आणि मग कोरडी कडक थंडी राहिली, तर तो पातळ थर आतल्या आत बदलतो. त्याचे साखरेसारखे सुटे दाणे होतात आणि ते एकमेकांना धरत नाहीत. मग पश्चिमी झंझावात येतो, दीड-दोन फूट नवा बर्फ टाकतो, वारा तो दाबून घट्ट करतो. वर घट्ट थर, खाली सुटे दाणे. एका माणसाच्या वजनाने खालचा थर बसतो, तडा पळत जातो आणि अख्खा उतार तुकड्यांनी निघतो. याला स्लॅब म्हणतात. माणूस स्लॅबच्या खाली नसतो, त्याच्या मधोमध उभा असतो.

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. मग जोरदार हिमवृष्टी झाली, पर्यटक धावले, आणि फेब्रुवारीत गुलमर्गवरच्या अफरवट डोंगराच्या अंगाला हिमस्खलनात एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. त्याच्या आदल्याच वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी तिथेच दोन पोलिश स्कीअर गेले होते. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा-२ वर, म्हणजे ५६७० मीटरच्या शिखरावर, हिमस्खलनात सापडली. २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. त्यात शिकवणारे होते, शिकणारे होते, आणि तो प्रगत अभ्यासक्रम होता. प्रमाणपत्राने बर्फ थांबत नाही, हे क्लबात एकदा मोठ्याने बोला.

मग काय बघायचं? उताराचा कोन. स्लॅब बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतो, आणि स्कीला सगळ्यात मजा येते तो उतारही नेमका तोच. पहिली दोन वर्षं २५ अंशांच्या वर जायचं नाही, आणि आपल्या डोक्यावरचा उतारही त्यात धरायचा, कारण सपाटीवर उभं राहिलं तरी वरून येतंच. नकाशावर हे घरबसल्या कळतं. १:५०,००० चा नकाशा असेल आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) ४० मीटर उंचीच्या फरकाने असतील, तर दोन रेषांमधलं अंतर १.४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तिथे उतार ३० अंशांहून जास्त आहे. साधी पट्टी घेऊन बसा आणि असे भाग लाल पेन्सिलीने रंगवा. आधी महिपतगड-रसाळगडच्या नकाशावर करून बघा. तिथला उतार तुमच्या पायांना ठाऊक आहे, त्यामुळे ३० अंश म्हणजे किती ते अंगात मुरेल.

बाकीच्या खुणांना फार विद्वत्ता लागत नाही. समोरच्या डोंगरावर ताजं हिमस्खलन दिसलं. पावलाखाली 'धप्प' असा दबका आवाज येऊन बर्फ बसला. स्कीच्या टोकापासून तडा पळाला. गेल्या चोवीस तासांत फूटभर किंवा जास्त बर्फ पडला. वारा बर्फ उडवून दुसऱ्या अंगाला नेतोय. एकदम ऊब आली. यातली एक जरी खूण दिसली तरी उभ्या उतारावर जायचं नाही, मग तिकिटं कितीही महाग पडलेली असोत. नवा बर्फ पडला की किमान एक-दोन दिवस थांबायचं. पुराचं पाणी ओसरेपर्यंत ओढ्याकाठी बसून राहायची सवय आपल्याला आहे. ती सवय तिथे उपयोगी पडते.

आता सरावाबद्दल, कारण इथे कोकण तुम्हाला हिमालयाच्या पायथ्याच्या लोकांपेक्षाही चांगलं मैदान देतं.

हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर साधारण दहापैकी नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटला की तिघांत एखादाच. सह्याद्रीत अपघात झाला की गावातले लोक धावतात, दोर घेऊन बचाव पथकं येतात, आणि त्यांनी आजवर फार मोठं काम केलंय. बर्फात मात्र ती वेळच नसते. शोधायचं आणि खणायचं तुम्हालाच, आणि तेही लगेच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर बीकन (सिग्नल पाठवणारं आणि दुसऱ्याचा सिग्नल शोधणारं यंत्र), सॅकमध्ये प्रोब (बर्फात टोचून बघायची लांब काठी) आणि धातूचं फावडं हवंच. चौघांत तीन बीकन असा हिशेब चालत नाही. ज्याच्याकडे नाही तो सापडणार नाही, आणि ज्याच्याकडे नाही तो दुसऱ्याला शोधूही शकणार नाही.

सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कुठल्याही कंपनीचं चालेल. फक्त तीन अँटेनांचं आणि फार जुनं नसलेलं घ्या. आणि मग गुहागरच्या किनाऱ्यावर जा.

वाळू निवडताना एक गोष्ट सांभाळा. भरतीच्या रेषेच्या वर, सुरूच्या बनाजवळच्या कोरड्या वाळूत बीकन पुरायचा. ओल्या खाऱ्या वाळूतून वीज वाहते, ती हा सिग्नल गिळते आणि तुम्हाला यंत्र बिघडलंय असं वाटेल. बीकन चालू करून हवाबंद डब्यात ठेवा, डब्यावर एक फळी ठेवा म्हणजे प्रोबचा टोचा फळीवर बसेल, आणि ते सगळं पोत्यात घालून पाऊण मीटर खाली पुरा. वाळू सारखी करा. पुरणाऱ्याने बाजूला व्हायचं, शोधणाऱ्याने पन्नास मीटरवरून यायचं, आणि तिसऱ्याने घड्याळ लावायचं.

पहिला सिग्नल मिळेपर्यंत पळायचं. मिळाला की बाण दाखवेल तसं चालायचं. तो वाकड्या रेषेतून नेतो, घाबरू नका, चुंबकीय रेषा तशाच असतात. अंतराचा आकडा तीन मीटरवर आला की वाकून यंत्र जमिनीलगत आणायचं आणि एकदम हळू व्हायचं. इथेच नवे लोक घाई करतात आणि पुढे निघून जातात. सर्वांत लहान आकडा जिथे येतो तिथे अधिक चिन्हासारखं पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे बघायचं, आणि तिथून प्रोब टोचायला सुरुवात. एका टोच्यापासून दुसरा २५ सेंटीमीटरवर, गोल फिरत बाहेर. फळीला लागलं की प्रोब तिथेच उभा ठेवायचा, काढायचा नाही. मग खणणं. उतारावर प्रोबच्या खालच्या अंगाने, आडवं आत शिरायचं, वरून विहीर पाडायची नाही. शोधायला तीन-चार मिनिटं आणि खणायला त्याहून कितीतरी जास्त लागतात, हे वाळूत हात दुखल्यावर पटतं. वाळू बर्फापेक्षा खूप जड असते. पाऊण मीटर वाळू वेळेत उपसणारा क्लब बर्फात कमी पडणार नाही. खणणारे दर मिनिटाला बदला.

दोन गोष्टी निक्षून सांगतो. सरावासाठी जिवंत माणसाला वाळूत कधीही पुरू नका, गंमत म्हणूनही नाही. वाळू ढासळते आणि छातीवर बसली की श्वास घेता येत नाही. दुसरं, मोबाइल. बीकन शोधायच्या स्थितीत असताना मोबाइल, स्मार्ट घड्याळ, कॅमेरा हे सगळं पन्नास सेंटीमीटरच्या आत नको. सिग्नल बिघडतो.

हाच किनारा बर्फातल्या अँकरसाठी, म्हणजे दोर बांधायच्या आधारासाठीही चांगला. आडवी काठी किंवा भरलेली पिशवी वाळूत पुरून तिला स्लिंग, म्हणजे पट्टीचा फास, बांधायची आणि तिघांनी ओढून बघायचं. बर्फात स्नो पिकेट (धातूची लांब मेख) किंवा आइस अ‍ॅक्स आडवी पुरतात ती अशीच. हिमनदीच्या भेगेतून माणूस वर ओढायची कप्प्यांची रचना जांभ्याच्या कड्यावर बसवून बघा, पण दोराखाली जाड गोणपाट किंवा दोराचं संरक्षक हवंच. जांभ्याची धार दोर खाते. आइस अ‍ॅक्सने घसरण थांबवण्याचा सराव मात्र वाळूत होत नाही. तो कोर्समध्ये, बर्फावरच.

दम आणि पायांसाठी तुम्हाला वेगळं काही शोधायची गरज नाही. शृंगारपूरहून प्रचितगडासारखी उभी चढण पाठीवर पंधरा किलो घेऊन, बोलता येईल इतक्याच वेगाने चढायची. वजन म्हणून पाण्याचे कॅन न्या. सुरुवातीला वर पोचल्यावर पाणी ओतून द्या म्हणजे उतरताना गुडघे वाचतील. दोन महिन्यांनी अर्धं पाणी खाली घेऊन या, कारण स्कीचा सगळा भार उतरतानाच मांड्यांवर येतो. वेळेचा हिशेबही इथेच पक्का करा. स्विस मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांचा हिशेब सोपा आहे : आडवं अंतर किलोमीटरमध्ये, त्यात चढाईचे दर शंभर मीटरला एक मिळवा, चढताना बेरजेला चारने भागा. चार किलोमीटर आणि आठशे मीटर चढ म्हणजे बारा, भागिले चार म्हणजे तीन तास. चार हजार मीटरच्या आसपास नव्या गटाने यात निम्मा वेळ आणखी धरावा. परत फिरायची वेळ सकाळी निघतानाच ठरते, वर पोचून नाही.

पण या दमाचा उंचीशी फार संबंध नाही, हे लक्षात ठेवा. आपण समुद्रसपाटीची माणसं. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे आणि तिथल्या रोपवेचा, म्हणजे गोंडोलाचा, दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर ३९५० च्या आसपास सोडतो. तिथे हवेचा दाब किनाऱ्याच्या साठ टक्क्यांच्या थोडा वर असतो. सकाळी श्रीनगर, दुपारी अफरवट असं केलं की डोकं धरतंच, आणि मॅरेथॉन धावणाऱ्यालाही धरतं. पहिले दोन दिवस गुलमर्गमध्येच राहा. शिखरासाठी, ३००० मीटरच्या वर गेल्यावर, झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचं औषध घ्यायचं की नाही हे डॉक्टरांना विचारून, घरी असतानाच ठरवा, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर तसं सांगा. बसल्या जागी धाप लागली, खोकल्याबरोबर फेस आला, किंवा सरळ रेषेत चालताना तोल गेला, तर वाट बघायची नाही. रात्र असली तरी त्या माणसाला खाली न्यायचं.

थंडीबद्दल आपला समज उलटा असतो. आपण जास्त कपडे घालतो, घामाने भिजतो आणि थांबल्यावर तोच घाम गोठवतो. चालायला लागताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. जाड जाकीट सॅकमध्ये, थांबलं की लगेच अंगावर. हातांचा सराव घरीच होतो. मासळीच्या पेटीत घालतात तो चुरा बर्फ बंदरावर सहज मिळतो. बादलीभर आणा, मिनिटभर हात बुडवा, मग हातमोजे घालून आठाची गाठ मारा, हार्नेसचं बक्कल लावा, बीकन पाठवण्याच्या स्थितीतून शोधण्याच्या स्थितीत न्या. जे साधन अशा हातांनी चालत नाही ते नेऊ नका. गॉगल साधा चालणार नाही. बर्फावर श्रेणी ४ ची काच आणि बाजूने बंद असलेला हवा, नाहीतर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि दुसरा दिवस अंधारात काढावा लागतो.

खरेदीचा क्रम. आधी बीकन-प्रोब-फावडं, मग स्वतःच्या पायाचा टूरिंग बूट. स्की भाड्याने घ्या. भाड्याचा बीकन घेतलाच तर दुकानातच उघडून बघा. एका ठिकाणी मिळालेल्या बीकनचे सेल कप्प्यातच गळलेले होते. कोर्समध्ये मिळणारे साधे स्की बूट टूरिंगच्या पिनच्या बाइंडिंगमध्ये बसत नाहीत, हे भाडं भरण्याआधी तपासा.

आणि जुने बूट स्वस्तात घेऊ नका. यावर थोडं थांबतो, कारण कोकणात हे जास्त लागू पडतं. बऱ्याच बुटांच्या तळात आणि शेलमध्ये (बाहेरच्या कवचात) पॉलियुरेथेन हे प्लास्टिक असतं. दमट, उष्ण हवेत त्याची पाण्याच्या वाफेशी प्रक्रिया होऊन ते आतून विरतं. वापरलेच नाहीत म्हणून ते चांगले राहत नाहीत, उलट नुसते पडून राहिलेले आधी जातात. वरून कोरे दिसतात आणि उतारावर तळ सुटून येतो. आपल्या चार पावसाळ्यांत बुटाचं जे होतं ते थंड कोरड्या देशात बऱ्याच उशिरा होतं. म्हणून घरचे बूटही दरवर्षी अंगठ्याने दाबून, वाकवून बघा. चुरा पडला, भेग दिसली, तर टाकून द्या.

स्कीच्या पोलादी कडा खाऱ्या हवेने एका पावसाळ्यात तांबारतात. हंगाम संपला की पुसून, कडेला आणि तळाला मेणाचा जाड थर देऊन ठेवायच्या, तो पुढच्या हंगामाला निघायच्या आधीच खरवडायचा. स्किनचा गोंद उन्हाळ्यात कौलांखालच्या माळ्यावर वितळून पसरतो. स्किन जाळीदार कापड लावून, घरातल्या सगळ्यात थंड कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात. कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) किनाऱ्यावर वापरले की गोड्या पाण्यात धुवा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमला पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि गेट अडकतो. बीकनचे सेल पावसाळाभर काढून ठेवा. क्लबाच्या खोलीत दोराशेजारी गाडीची बॅटरी किंवा इन्व्हर्टर ठेवलेला असेल तर आजच हलवा. आम्लाची वाफही नायलॉनला मारते आणि दोरावर काही दिसत नाही.

कोर्सचं सांगतो. गुलमर्गला भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आहे, मनालीला अटल बिहारी वाजपेयी संस्था सोलंगला स्कीचे कोर्स घेते. स्कीचा कोर्स साधारण दोन आठवड्यांचा, बेसिक गिर्यारोहणाचा जवळपास चार आठवड्यांचा. उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग, पहलगाम यांपैकी कुठेही करा. जागा खूप आधी भरतात, म्हणून अर्ज वर्षभर आधी. कोकणात दोन अडचणी नेहमीच्या. बागायतदार घरातली मुलं मोहोराच्या फवारणीच्या दिवसांत हलू शकत नाहीत, आणि शिमग्याला पालखी दारात यायची असते तेव्हा कुणीच हलत नाही. फाल्गुन पौर्णिमा बघूनच तारखा धरा. काश्मीरात चिल्लई कलां या काळाची सगळ्यात कडक थंडी जानेवारीअखेर संपते आणि थोडी सौम्य चिल्लई खुर्द सुरू होते. फेब्रुवारीचा पहिला अर्धा भाग तुम्हाला सगळ्याच दृष्टींनी बरा. परतीचं तिकीट तीन-चार दिवस पुढेमागे करता येईल असंच काढा, कारण बर्फ तुमच्या रजेप्रमाणे पडत नाही.

शिखर म्हणून मनालीजवळचं ५२८९ मीटरचं फ्रेंडशिप चांगलं आहे, मे-जूनमध्ये, स्थानिक गाइड घेऊन आणि रीतसर परवानगीने. सोपं म्हणतात, पण वरचा उतार हिमस्खलनाचाच आहे. पहाटे दोन-तीनला निघून ऊन चढायच्या आत उतरायचं. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण कुणी परदेशातून आणलेलं असेल तर नेऊ नका. परवानगीशिवाय ते बाळगणं भारतात बेकायदेशीर आहे आणि विमानतळावरच अडकाल. काश्मीरमध्ये आपलं प्रीपेड सिम चालत नाही, गटात दोन-तीन पोस्टपेड हवीत. विम्याच्या कागदात 'गिर्यारोहण वगळून' असं आहे का ते वाचून घ्या. बहुतेकदा असतं.

आता चौदा जणांचं. सह्याद्रीत आपण मोठे गट सहज नेतो आणि पुढे एक, मागे एक जाणता ठेवला की निभतं. बर्फात संशयाच्या उतारावर एकावेळी एकच जातो आणि बाकीचे सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवतात. चौदा जणांचा एक उतार ओलांडेपर्यंत ऊन चढतं. म्हणून चार-चारचे गट, प्रत्येकाचा वेगळा प्रमुख, प्रत्येकात किमान दोन कोर्स केलेले. पाठीवर दहा किलो घेऊन मध्यम उतारावर दोन्ही बाजूंना वळता आणि हवं तिथे थांबता येतं त्यालाच टूरिंगला न्या. ज्याला येत नाही तो कितीही भक्कम असला तरी पहिल्या वर्षी शिखराच्या गटात, तेही बेसिक कोर्स झालेला असेल तरच.

निर्णयाची एक रीत लावून घ्या. आपल्या क्लबांत दादा बोलला की विषय संपतो. तो अनुभवाचा मान आहे आणि सह्याद्रीत तो योग्यही आहे. बर्फात दादाने सगळ्यात शेवटी बोलायचं. सकाळी निघताना आणि प्रत्येक उताराच्या तोंडाशी सगळ्यात नव्या मुलापासून सुरुवात करायची : तुला काय दिसतंय, जायचं का? एकाने 'नको' म्हटलं की गट वळतो, आणि कारण संध्याकाळी खोलीवर विचारायचं, उतारावर नाही. याची सवय गुलमर्गला जाऊन लागणार नाही. येत्या पावसाळ्यातल्या प्रत्येक ट्रेकला, प्रत्येक ओढ्याच्या काठावर हे करा.

जे येणार नाहीत त्यांच्यापैकी एकाला चिपळूणात फोनजवळ बसवा. त्याच्याकडे कागदावर रोजची वाट, गटातली नावं, रक्तगट, गाइडचा आणि स्की पेट्रोलचा (तिथल्या उतारांवरच्या बचाव पथकाचा) नंबर. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळेला फोन. ती वेळ अंधार पडायच्या दोन तास आधीची धरा, सातची नको, म्हणजे फोन आला नाही तर तिथल्या लोकांना शोधायला उजेड उरेल.